उवा परत परत होतात? आधी फणीवर आलेली ऊ केवढी आहे ते बघा

औषध आणलं, लावलं, गाद्या-उशा उन्हात टाकल्या, आणि तीन आठवड्यांनी मुलगी वेणी घालून घेताना परत कानामागे खाजवायला लागली. मग दुसरं औषध, मग शेजारच्या काकूंनी सांगितलेला पाला, मग शाळेवर राग. हे चक्र ज्या घरात चालू आहे त्यांच्यासाठी लिहिते आहे. पहिल्यांदाच उवा झालेल्यांनाही याचा उपयोग होईल, पण इथे मुख्य प्रश्न ‘परत का?’ हाच आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. बहुतेक घरांत उवा परत होत नाहीत, त्या गेलेल्याच नसतात. टाळूजवळ चार लिखा उरलेल्या असतात, किंवा औषधाचा दुसरा हात राहिलेला असतो, किंवा घरातलं एखादं डोकं कोणी तपासलेलंच नसतं. यातलं आपल्याकडे नेमकं काय झालंय हे ओळखता येतं. त्यासाठी दोनच गोष्टी लागतात: सापडलेली ऊ केवढी आहे, आणि औषध लावून किती दिवस झालेत.

उवेचा हिशेब

मादी केसाच्या बुंध्याशी, टाळूला अगदी लागून, लिखा चिकटवते. दिवसाला आठ-दहापर्यंत. लीख फुटायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. फुटून बाहेर आलेलं पिल्लू जेमतेम 1 मिलिमीटरचं असतं, आणि ते वाढून स्वतः लिखा घालायला लागायला आणखी 9 ते 12 दिवस जातात. पूर्ण वाढलेली ऊ तिळाएवढी, 2 ते 3 मिलिमीटरची, आणि डोक्यावर महिनाभर जगते. डोक्यावरून खाली पडली की रक्त मिळत नाही, त्यामुळे एक-दोन दिवसांत मरते. तिला पंख नाहीत आणि उडीही मारता येत नाही. एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर ती फक्त चालत जाते, म्हणजे केसाला केस लागावे लागतात.

बहुतेक औषधं जिवंत ऊ मारतात, पण लिखेच्या कवचातलं पिल्लू त्यातून बऱ्याचदा वाचतं. म्हणून आज औषध लावलं, सगळ्या उवा मेल्या, तरी पुढच्या आठ-दहा दिवसांत नवी पिल्लं बाहेर येणारच. हा औषधाचा दोष नाही. ही पिल्लं मोठी होऊन लिखा घालायच्या आत त्यांना गाठायचं असतं, आणि नेमकं तेच आपल्याकडून राहतं, कारण दहाव्या दिवशी डोकं शांत असतं आणि कोणाला काही आठवत नाही.

नुसतं बघून भागत नाही

‘मी बघितलं, काही नाहीये’ म्हणजे काय केलं? बहुतेक वेळा ट्यूबलाइटखाली भांग पाडला, दोन-चार बटा उचलल्या, कानामागे नजर टाकली. कोरड्या केसांत ऊ मिनिटाला सुमारे 20 सेंटिमीटर पळते आणि उजेडापासून लांब जाते. तुम्ही बट उचलेपर्यंत ती तिथे थांबत नाही. जर्मनीत शाळकरी मुलांची डोकी दोन्ही पद्धतींनी तपासून केलेला एक अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या डोक्यात खरोखर जिवंत उवा होत्या, त्यांपैकी नुसत्या नजरेने 29 टक्केच सापडली. ओल्या केसांत फणी फिरवल्यावर 90 टक्के. जुन्या, रिकाम्या लिखा मात्र नजरेला चटकन दिसतात, पांढऱ्या असतात ना. म्हणजे नुसतं बघणाऱ्या माणसाला गेल्या महिन्यातलं दिसतं आणि आज जे चालू आहे ते निसटतं. गरज नसताना औषध आणि गरज असताना काहीच नाही, असं उलटं होतं ते यामुळेच.

फणी कसली घ्यायची? दातांमधली फट 0.2 ते 0.3 मिलिमीटर हवी. औषधाच्या दुकानात मिळणारी लांब, गोल, स्टीलच्या दातांची फणी सगळ्यांत बरी. बाटलीबरोबर फुकट येणारी प्लॅस्टिकची फणी पातळ केसांत चालते, पण दाट आणि कुरळ्या केसांत तिचे दात वाकतात, फटी पडतात आणि उवा त्यातून आरामात निघून जातात. जत्रेत मिळणारी दोन्ही बाजूंना दात असलेली लाकडी फणी नवी असेपर्यंत उवांना पुरते. पाणी पिऊन लाकूड फुगलं की दात फाकतात. फणी उजेडासमोर धरा. मध्येच कुठे फट रुंद दिसली तर ती टाकून द्या, तिच्यावर अर्धा तास घालवण्यात अर्थ नाही.

ही दुहेरी फणी भलतीच जुनी चीज आहे, बरं का. इस्रायलमधल्या लाखीश इथे 2016 साली उत्खननात हस्तिदंताची एक इवलीशी फणी सापडली, सुमारे 3,700 वर्षांपूर्वीची. एका बाजूला गुंता काढायला 6 जाड दात, दुसऱ्या बाजूला उवांसाठी 14 बारीक. तिच्यावर कनानी, म्हणजे त्या भागातल्या प्राचीन लोकांच्या, लिपीत वाक्य कोरलंय: हा हस्तिदंत केसांतल्या आणि दाढीतल्या उवांचा नायनाट करो. त्या वर्णमालेत लिहिलेलं सापडलेलं सर्वांत जुनं पूर्ण वाक्य हेच, आणि ते उवांबद्दल निघावं! फणीच्या दातांत उवेचे अवशेषही मिळाले.

आता प्रत्यक्ष तपासणी. वेळ सुट्टीच्या दिवशीची, दिवसाउजेडी, गॅलरीत किंवा खिडकीशी. पावसाळी अंधारात मोबाइलचा टॉर्च कोणालातरी धरायला सांगा. लांब केसांना अर्धा तास लागतो, तेव्हा मुलाच्या हातात काहीतरी द्या. माझी सहनशक्ती मुलांच्या आधी संपते हा वेगळा विषय.

केस साध्या शाम्पूने धुवा आणि पाणी गळणार नाही इतपत टिपून घ्या. मग कंडिशनर सढळ हाताने, बुंध्यापासून टोकापर्यंत. स्वस्तातला चालतो, महागाचा वाया घालवू नका. त्याने उवा मरत नाहीत, पण ओल्या, बुळबुळीत केसांत त्यांना पळता येत नाही आणि फणीही अडकत नाही. कंडिशनर नसेल तर खोबरेल तेल थापून हेच करता येतं, आपल्या आज्या तेच करत होत्या. आधी जाड कंगव्याने गुंता पूर्ण काढा. गुंत्यात फणी घातली की मूल ओरडणार आणि पुढच्या वेळी हाताला लागणार नाही.

मग केसांचे चार भाग करून तीन क्लिपेत अडकवा आणि मानेच्या बाजूने सुरुवात करा. मानेची खोबण आणि कानामागची जागा ऊबदार असते, उवा आणि ताज्या लिखा तिथेच जास्त सापडतात. बोटभर रुंदीची बट घ्या, फणी टाळूला टेकवा, टोकापर्यंत एका ओढीत आणा, मध्ये उचलू नका. प्रत्येक ओढीनंतर फणी पांढऱ्या कागदी रुमालावर पुसा आणि रुमालाकडे बघा, केसांकडे नाही. तीच बट खालच्या बाजूनेही एकदा ओढा. सगळं डोकं झालं की केस धुवा आणि ओल्या केसांतच पुन्हा एकदा भराभर फणी फिरवा. दुसऱ्या फेरीत काहीतरी निघतंच, विशेषतः दाट केसांत.

रुमालावर जे आलं ते ऊच आहे का, अशी शंका आली तर पारदर्शक चिकटपट्टीखाली धरून पांढऱ्या कागदावर चिकटवा आणि मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठं करून बघा. सहा पाय दिसले की झालं. त्या कागदावर तारीख घाला आणि जपून ठेवा. घरच्यांना किळस येईल, येऊ दे. पुढच्या वेळी ऊ सापडली की मागचीशी ताडून बघता येते, आणि पुढचं सगळं निदान त्यावरच आहे.

लीख आणि कोंडा यांत गल्लत नेहमीची. कोंडा फुंकर मारली की उडतो, बोटाने सरकतो. लीख केसाच्या एका बाजूला तिरकी चिकटलेली असते आणि दोन नखांत धरून ओढल्याशिवाय हलत नाही. केसाभोवती नळीसारखं पांढरं काहीतरी असेल आणि ते केसावरून वरखाली सरकत असेल तर ती टाळूची निघालेली त्वचा आहे, लीख नव्हे. घट्ट वेण्या घालणाऱ्या मुलींत हे दिसतं. जिवंत लीख तपकिरी, टाळूपासून साधारण अर्ध्या सेंटिमीटरच्या आत. फुटून रिकामी झालेली पांढरट. केस महिन्याला सुमारे 1 सेंटिमीटर वाढतात, म्हणून टाळूपासून दोन-तीन सेंटिमीटर लांब असलेली पांढरी लीख ही दोन-तीन महिन्यांपूर्वीची गोष्ट सांगते. आपल्या उष्ण हवेत लीख थोडी लांबही तग धरू शकते, तेव्हा अंतर आणि रंग दोन्ही बघा.

आणि खाज? खाजेवर अजिबात विसंबू नका. पहिल्यांदा उवा होतात तेव्हा खाज सुटायला चार ते सहा आठवडेही लागू शकतात, तोवर डोक्यात एक पिढी होऊन गेलेली असते. उलट औषधानंतर उवा संपल्या तरी टाळू आठवडा-दोन आठवडे चुरचुरते. ‘खाजतंय, म्हणजे परत झाल्या’ म्हणून लागोपाठ औषध लावणाऱ्या आयांमुळे टाळू आणखी कोरडी पडते आणि आणखी खाजते. (हे वाचता वाचता तुम्हीही डोकं खाजवलं असेल. मी लिहिताना चारदा.)

सापडलेली ऊ काय सांगते

औषध लावल्यावर दुसऱ्या दिवशी मोठ्या उवा सापडल्या, तर आधी त्यांची चाल बघा. संथ, अडखळत असतील तर औषध काम करतंय; फणीने काढून टाका, औषध पुन्हा लावू नका. आठ-बारा तासांनंतरही पूर्वीसारख्याच तुरुतुरु चालत असतील आणि एकही मेलेली सापडली नसेल, तर एक तर औषध चुकीचं लावलं गेलं किंवा त्या उवांवर ते चालत नाही.

सातव्या ते दहाव्या दिवशी फक्त बारीक पिल्लं सापडली, मोठी एकही नाही? घाबरू नका, हे अपेक्षितच आहे. पहिला हात नीट बसला होता, ही लिखांतून आलेली नवी पिढी आहे. दुसऱ्या हाताची वेळ झाली, एवढाच याचा अर्थ.

तिसऱ्या आठवड्यात लहान, मध्यम, मोठ्या सगळ्या मापांच्या उवा आणि टाळूलगत ताज्या लिखा असतील, तर साखळी तुटलेलीच नाही. दुसरा हात राहिला, फार लवकर झाला, किंवा घरातल्याच दुसऱ्या डोक्यावरून रोज रात्री पुरवठा चालू आहे. ‘परत झाल्या’ म्हणून येणाऱ्यांची बहुतेक गाडी याच स्टेशनावर थांबलेली असते.

आणि दोन-तीन तपासण्या लागोपाठ स्वच्छ गेल्या, मग अचानक एक-दोन मोठ्या उवा सापडल्या, पिल्लू एकही नाही, टाळूजवळ लीख नाही: ही खरी नवी आलेली ऊ. बाहेरून, गेल्या काही दिवसांत. शाळेवर, शिकवणीवर किंवा मामेभावंडांवर बोट दाखवायचा हक्क तुम्हाला फक्त याच वेळी आहे. लवकर सापडलीय, फणीनेच काम होऊ शकतं.

नुसत्या लांबवरच्या पांढऱ्या लिखा असतील आणि दोन वेळा फणी फिरवूनही जिवंत ऊ मिळाली नाही, तर औषध लावायचं नाही. दिसायला वाईट दिसतं म्हणून नखाने ओढून काढा, पण तो सौंदर्याचा प्रश्न आहे. व्हिनेगरने लिखेचा डिंक सुटतो असं सांगतात. त्याचा भरवशाचा उपयोग होत नाही, टाळूला ओरखडे असतील तर झोंबतं मात्र नक्की.

औषध नेमकं कुठे फसतं

आपल्याकडे सर्वांत जास्त वापरात असलेलं औषध म्हणजे 1 टक्का परमेथ्रिन. दुकानात मागताना ‘1 टक्का’ स्पष्ट म्हणा, कारण 5 टक्के परमेथ्रिनची क्रीम खरजेसाठी असते आणि घाईत तीच हातात पडू शकते. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला हे लावत नाहीत, आणि दोन वर्षांखालच्या मुलांना, गरोदर बायकांना डॉक्टरांना विचारूनच.

पहिली फसगत तेलाची. रात्री चंपी, सकाळी त्याच तेलकट केसांवर औषध. किंवा औषधाच्या आधी कंडिशनर. दोन्हींचा थर केसांवर बसतो आणि औषध पोचत नाही. तपासणीला कंडिशनर आणि तेल चांगलं, औषधाच्या दिवशी दोन्ही बंद. साध्या शाम्पूने धुऊन, टॉवेलने टिपून, मग औषध. ते 10 मिनिटं ठेवायचं आणि धुवायचं; तासभर ठेवल्याने जास्त उवा मरत नाहीत, टाळू मात्र पोळते. डोकं बेसिनवर वाकवून धुवा म्हणजे औषध अंगभर ओघळणार नाही, डोळ्यांवर घडी केलेला रुमाल धरायला द्या. नंतर एक-दोन दिवस शाम्पू नको.

दुसरी फसगत मापाची. कमरेपर्यंतच्या दाट केसांना एक लहान बाटली पुरत नाही. वरवर चोपडलं की मानेच्या खोबणीतल्या उवा कोरड्याच राहतात. टाळू आणि बुंधे ओले झाले पाहिजेत, टोकं नंतर.

तिसरी, आणि सर्वांत महत्त्वाची: दुसरा हात. नवव्या दिवशी. तिसऱ्या दिवशी ‘एकदा अजून लावून टाकू’ म्हणून लावलं तर ते वाया गेलं, कारण तेव्हा बऱ्याच लिखा अजून फुटायच्याच असतात. तीन आठवड्यांनी लावलं तर तोवर पिल्लांनी लिखा घालून ठेवलेल्या असतात. नववा दिवस म्हणजे बहुतेक लिखा फुटून झालेल्या आणि पिल्लं अजून वयात न आलेली. रविवारी पहिला हात दिला तर पुढचा रविवार उलटल्यावर येणाऱ्या मंगळवारी दुसरा. शाळेचा दिवस असतो, संध्याकाळी वेळ काढावा लागतो. मोबाइलमध्ये गजर लावून ठेवा. वापरता ते औषध परमेथ्रिन नसेल तर दुसऱ्या हाताचा दिवस त्याच्या पत्रकावर बघा, सगळ्यांचा एकच नसतो.

घरात जुनी बाटली पडलेली असेल आणि तिच्यावर लिंडेन किंवा गॅमा बेंझिन हेक्झाक्लोराइड लिहिलं असेल, तर ती लहान मुलांना लावू नका. त्वचेतून शरीरात जाऊन मज्जासंस्थेवर परिणाम करणारं, आकडी आणू शकणारं ते औषध आहे; अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने 2002 पासून माणसांवरचा त्याचा वापरच बंद केला.

सगळं नीट करूनही उवा टुणटुणीत असतील तर औषधाला न जुमानणाऱ्या उवाही असतात. अमेरिका, इंग्लंड आणि युरोपातल्या बऱ्याच देशांत परमेथ्रिनचं हे झालेलं आहे. तिकडे राहणाऱ्यांनी इथून बाटली मागवण्यापेक्षा तिथल्या फार्मासिस्टला विचारावं. इंग्लंडमध्ये डायमेथिकोन दुकानात मिळतं, ते उवेला विष देत नाही तर गुंडाळून टाकतं. आपल्याकडे अशा वेळी बालरोगतज्ज्ञ किंवा त्वचारोगतज्ज्ञ दुसरं औषध देतात. आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या वजनावर ठरतात आणि 15 किलोखालच्या मुलांना देत नाहीत, तेव्हा मोठ्याची अर्धी गोळी लहानाला हा प्रकार नको.

औषधच नको असेल तर नुसती फणीही पुरते, पण शिस्त लागते. वर सांगितल्यासारखी ओल्या केसांत संपूर्ण फणी, पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या दिवशी. चार-चार दिवसांचं अंतर याचसाठी की मधल्या काळात फुटलेलं एकही पिल्लू वयात येऊ नये. सतराव्या दिवशी तपासणी. मधला एक दिवस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून मोजा. मला विचाराल तर लहान केसांच्या मुलांना हाच मार्ग बरा. गुडघ्यापर्यंत वेण्या असतील आणि आईची नोकरी असेल तर औषध आणि फणी दोन्ही वापरा, उगाच हुतात्मा होऊ नका.

घरातलं राहिलेलं डोकं

मुलीला उवा झाल्या की मुलीचं डोकं तपासलं जातं. मुलाचे केस बारीक म्हणून तो सुटतो. बाबांचं डोकं तपासायची कल्पनाच कोणाला सुचत नाही. आणि आजी! आजीच्या कुशीत झोपणारं नातवंड असेल तर आजीचा छोटासा अंबाडा हा पहिला तपासायचा. पण ‘या वयात मला कुठल्या उवा’ असं म्हणत त्या फणीला हात लावू देत नाहीत. त्यांना तपासणी म्हणू नका, तेल लावून देते म्हणा. तेलात फणी तशीही छान चालते.

आईचं स्वतःचं डोकंही राहतं, कारण ते बघणार कोण? नवऱ्याला शिकवा. एकदा दाखवलं की जमतं, मिशीला कंगवा फिरवता येतो तर हेही येतं.

संशय मात्र सर्वांत आधी घरकामाला येणाऱ्या मावशींवर जातो. मला हे पटत नाही. भांडी घासणाऱ्या बाईचं डोकं तुमच्या मुलीच्या डोक्याला कधी लागतं? एका उशीवर कोण झोपतं, एका मोबाइलमध्ये कोणाची डोकी एकमेकांना चिकटतात, सेल्फी कोणाबरोबर काढले जातात, ते बघा. बहुतेक नावं घरातली आणि नात्यातलीच निघतील. उवांचा स्वच्छतेशीही संबंध नाही, धुतलेलं डोकं त्यांना तितकंच चालतं.

नियम असा: ज्या दिवशी एकाच्या डोक्यात जिवंत ऊ सापडली, त्याच दिवशी घरातली सगळी डोकी ओल्या फणीने तपासायची, आणि ज्यांच्यात सापडतील त्या सगळ्यांचा पहिला हात एकाच दिवशी. आज ताईचा, पुढच्या रविवारी दादाचा असं केलं की उवा एका डोक्यावरून दुसऱ्यावर फिरत राहतात. ज्यांच्यात काही सापडलं नाही त्यांना उगाच औषध नको. फक्त त्याच अंथरुणात झोपणाऱ्याला लावून घेतलेलं बरं.

मे महिन्याची सुट्टी, दिवाळी, गणपती, लग्नघर: गावाकडच्या माजघरात गाद्या घालून दहा-बारा भावंडं ओळीने झोपतात आणि परतताना प्रत्येक जण सारखाच पाहुणचार डोक्यावर घेऊन येतो. घरी आल्यावर आठवड्याभरात एकदा फणी फिरवा. काही सापडलं तर बाकीच्या आयांना फोन करा. अवघड वाटतं, पण नाही केला तर पुढच्या सणाला तेच. ‘वन्सं, आमच्या चिनूच्या डोक्यात उवा सापडल्यात, तुम्हीही एकदा पोरांची बघून घ्या’ एवढं पुरे, कोणाकडून आल्या हा विषय काढायचा नाही.

हे डोक्याला लावू नका

रॉकेल: पेट घेतं, टाळू भाजते, आणि मुलाच्या श्वासातून फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. डांबर गोळ्या तेलात विरघळवून लावणं: काही मुलांच्या रक्तात जन्मतःच एका विकराची कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशी याने फुटतात, आणि आपलं मूल त्यातलं आहे हे आधी माहीत नसतं. झुरळं-मुंग्यांचा खडू: ते घरातल्या फरशीचं कीटकनाशक आहे, किती डोस गेला याचा काही हिशेब नाही. कापूर घातलेलं तेल: रांगत्या मुलाने वाटीतलं तोंडात घातलं तर आकडी येऊ शकते.

आणि सीताफळाच्या बियांची पूड, हिच्याबद्दल जरा जास्त सांगायला हवं, कारण ती ‘घरगुती’ म्हणून निर्धास्तपणे लावली जाते. पुडीने उवा मरतात हे खरं आहे. बियांत तेवढं विष आहेच. पण तीच पूड किंवा धुतानाचं पाणी डोळ्यात गेलं की बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला जखम होते. प्रचंड वेदना, लाल डोळे, उजेड सहन होत नाही. आपल्या देशातल्या नेत्रतज्ज्ञांनी असे रुग्ण नोंदवलेले आहेत. लावताना तुम्ही कितीही जपलं तरी मूल हाताने डोकं खाजवून तोच हात डोळ्याला लावणार. चुकून गेलंच तर वाहत्या स्वच्छ पाण्याने 15-20 मिनिटं डोळा धुवा आणि तसंच डॉक्टरांकडे न्या.

कडुनिंबाचा पाला वाटून लावायला माझी हरकत नाही, त्यावर विसंबायला आहे. काहीही लावून डोक्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधून मुलाला झोपवणं मात्र कदापि नाही, रात्रीत ती नाकातोंडावर सरकते.

गाद्या, उशा

यात लोक सगळा दिवस घालवतात आणि फणीला वेळ उरत नाही. शेवटच्या दोन दिवसांत वापरलेले उशांचे अभ्रे, चादर, टॉवेल, स्कार्फ गरम पाण्यात धुवा आणि कडक उन्हात वाळवा. कंगवे, फणी, रिबिनी हाताला सोसणार नाही इतक्या गरम पाण्यात 10 मिनिटं बुडवा. धुता न येणारं मऊ खेळणं दोन आठवडे पिशवीत बांधून ठेवा. संपलं. घरात फवारणी नको, गादी टाकून द्यायला नको, कुत्र्या-मांजरांना माणसाच्या उवा होत नाहीत.

शाळा आणि डॉक्टर

उवा सापडल्या म्हणून शाळा बुडवायची गरज नाही. सापडल्या त्याआधी काही आठवडे त्या डोक्यात होत्याच आणि मूल रोज वर्गात बसत होतं. संध्याकाळी उपचार सुरू करा, सकाळी घट्ट वेणी घालून पाठवा, वर्गशिक्षिकेला एकटीला सांगा. मुलीचे केस भादरून टाकू नका. ऊ जाईल, पण वर्गात ती त्या टकलासाठी लक्षात राहील.

टाळूवर पू, पिवळ्या खपल्या, मानेमागे दुखऱ्या गाठी किंवा ताप असेल तर खाजवून जंतुसंसर्ग झालाय. उवांचं औषध बाजूला ठेवा, आधी डॉक्टर. पापण्यांच्या केसांवर लिखांसारखं काही दिसलं तर घरी काहीच लावू नका, तो वेगळ्या जातीच्या उवांचा प्रकार असू शकतो आणि डोळ्यापाशी डोक्याचं औषध चालत नाही. दोन हात नवव्या दिवसाच्या हिशेबाने, पूर्ण मापाने दिले, सगळी डोकी तपासली, आणि तरीही सतराव्या दिवशी मोठ्या उवा निघाल्या, तर जाताना तारखा घातलेला तो चिकटपट्टीचा कागद आणि औषधाची बाटली दोन्ही बरोबर न्या. कुठलं औषध, किती, कधी लावलं, हे तिथे पहिल्यांदा विचारतात.